किनारा डाव्या हाताला, गंमत प्रत्येक धक्क्याला!

समजा, एक निवांत बोट मिळाली आहे. घाई नाही, बॉसचा फोन नाही, रेंजही नाही. मुंबईहून दक्षिणेकडे निघायचं आणि मनात येईल तिथे नांगर टाकायचा. लिंबू, आलेपाक खिशात ठेवा (बोट कधी ‘लागेल’ सांगता येत नाही). चला!

माहीत आहे का? ज्या राजाच्या स्वागतासाठी गेटवे ऑफ इंडिया बांधायचं ठरलं, त्याला ते बघायलाच मिळालं नाही! डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा स्वागताला पुठ्ठ्याचा देखावा होता. खरी कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये. मुंबईतली बांधकामं तेव्हापासूनच वेळेवर!

पहिला स्टॉप अलिबाग. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण इथली चुंबकीय वेधशाळा? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसुया बिथरणार, हे शास्त्रज्ञांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये बिऱ्हाड अलिबागला हलवलं. इमारतीतही लोखंड टाळलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आजही इथे सुरू आहेत. मुंबईतल्या ट्राम मात्र कधीच इतिहासजमा! वीकेंडला शांतता शोधत अलिबाग गाठणाऱ्यांनो, तुमच्या आधी चुंबक पोचलेत.

पुढे कोर्लई. दीपगृह बघा, किल्ला चढा, आणि गावात कान टवकारा. पोर्तुगीज इथून जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजवर मराठीचा साज चढलेली एक बोली अजून घरोघरी बोलली जाते. बोलणारे साधारण हजारभर. जगात ही बोली म्हणजे कोर्लईचीच!

मुरूड-जंजिरा? राजपुरीहून शिडाची होडी घ्या. चारी बाजूंनी खारं पाणी, आत गोड्या पाण्याचे तलाव. दरवाज्यावरच्या शिल्पातल्या श्वापदाने पंजांत हत्ती पकडलेत, एवढंच नाही, शेपटीतसुद्धा! ज्या सिद्दींनी हा किल्ला राखला त्यांचं मूळ आफ्रिकेतलं. त्यांचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं.

हर्णै. इथे फक्त एक सल्ला : मासळीच्या लिलावात उगाच हात वर करू नका. टोपलीभर सुरमई घरी न्यावी लागेल.

आता जरा टेका, कारण रत्नागिरीचा किस्सा खास आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं मंडालेचं सिंहासन काढून घेतलं आणि त्याला कुटुंबासह आणून ठेवलं रत्नागिरीत. त्याचा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. ट्विस्ट पुढे आहे. रत्नागिरीत जन्मलेले एक गृहस्थ नेमके त्याच वेळी कुठे होते, माहीत आहे का? मंडालेच्या तुरुंगात! होय, लोकमान्य टिळक, १९०८ ते १९१४. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत. इंग्रज सरकारची ही अदलाबदल योजना जुनीच. दिल्लीच्या बहादूरशहा जफरलाही त्यांनी रंगूनला धाडलं होतं. टिळक ‘गीतारहस्य’ लिहून परतले. थिबाला परतीचं तिकीट मिळालंच नाही. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच गेला आणि त्याची समाधीही इथेच आहे. वाडा बघणारे पुष्कळ, समाधीपर्यंत जाणारे कमी. तुम्ही जा.

विजयदुर्ग! इथला गाइड हमखास सांगणार, ‘हेलियमचा शोध इथे लागला, १८६८ साली.’ किस्सा मस्त, पण जरा फुगलेला. हेलियम आहे म्हटल्यावर तो फुगणारच! १८६८ चं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सनने पाहिलं ते गुंटूरहून, आणि नॉर्मन लॉकियरने ती गाजलेली पिवळी रेषा टिपली इंग्लंडमधून. मग विजयदुर्गचा काय संबंध? आहे ना! लॉकियरसाहेब इथे खरंच आले, १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या खग्रास सूर्यग्रहणाला. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ ती आठवण राखून आहेत. माझ्या मते खरी गोष्टही काही कमी झकास नाही.

मालवण. सिंधुदुर्गाचं काम १६६४ मध्ये सुरू झालं. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय की बोटीतून शोधताना भलेभले चुकतात. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव नावाच्या गोड्या विहिरी. नावं वाचूनच भूक लागली? बाहेर मालवणी थाळी आहे.

आणि शेवटी वेंगुर्ल्याजवळची खडकाळ बेटं. इथल्या गुहांत पाकोळ्या राहतात. वटवाघळांसारख्या त्याही काळोखात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. घरटं कशाचं? मुख्यतः स्वतःच्या थुंकीचं! या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांचं सूप चीनमध्ये महागडी मेजवानी समजतात, म्हणून इथलीही घरटी चोरून नेली जायची. आपण आपली सोलकढी मागवू. दोन ग्लास!