खरं जिरेनियम कोणतं?

कुंडीतलं लालभडक ‘जिरेनियम’ खरं तर पेलार्गोनियम. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, कडाक्याच्या थंडीत मरणारं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये पेलार्गोनियम आणि खरं जिरेनियम या दोघांना एकाच प्रजातीत बसवलं. १७८९ मध्ये पेलार्गोनियम वेगळं झालं, पण लोकांच्या तोंडी जुनं नाव राहिलंच.

खरं बहुवर्षायू जिरेनियम हिवाळ्यात वरून सुकलं तरी मुळं तग धरतात. वसंतात पुन्हा पालवी फुटते. इंग्लंडमधल्या बागेत आधी जागा पाहावी, मग रोप: झाडाखालच्या कोरड्या सावलीत जिरेनियम मॅक्रोरायझम, उन्हात निळं ‘रोझॅन’. ‘रोझॅन’ हा हिमालयातल्या दोन जातींचा संकर. तो बी धरत नाही, म्हणून थंडी पडेपर्यंत फुलतच राहतो. रोपं वाढवायची तर गड्डा विभागून लावावा.