पालावरचं मत

वडवणीच्या बाजाराच्या कडेला पालं पडलेली तुम्ही पाहिली असतील. घिसाडी विळा-खुरपं करतो, कैकाडी टोपली विणतो, वडारी पाटा-वरवंटा घडवतो. त्यांच्या हातची वस्तू आपल्या घरात असते. पण त्यांचं नाव मतदारयादीत आहे का, हे आपण कधी विचारलं नाही. आम्हीही नोकरीत असेपर्यंत विचारलं नव्हतं.

1871 साली इंग्रजांनी कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वस्ती होती. देश 1947 ला स्वतंत्र झाला. तो कायदा देशभर रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. पहिली मोठी निवडणूक त्याआधीच होऊन गेली होती! म्हणजे मताचा हक्क आधी आला आणि गुन्हेगाराचा शिक्का मागून पुसला. शिक्का पुसला म्हणून यांना 'विमुक्त' म्हणतात.

आता प्रतिनिधीचं बघू. लोकसभेत नि विधानसभेत राखीव जागा अनुसूचित जाती-जमातींना आहेत. भटक्या-विमुक्तांना तशा वेगळ्या जागा नाहीत. ग्रामपंचायतीत त्यांना इतर मागासवर्गांबरोबर एकाच गटात धरतात. तिथं मोठ्या समाजापुढे दहा पालांचा घिसाडी कसा टिकणार? संख्या असली की वाट निघते. बंजारा समाजातले वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. आपल्या जिल्ह्यातले गोपीनाथ मुंडे वंजारी समाजाचे, ते 1995 साली उपमुख्यमंत्री झाले. लहान जमातींना अशी वाट अजून सापडायची आहे.

कागदाचीही गंमत बघा. लमाण महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जात, तेलंगणात अनुसूचित जमात. भाऊ तेच, शीव ओलांडली की दाखला बदलतो. आणि आपल्याकडे हा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधी आजा-पणजा कुठं राहत होता, याचा पुरावा मागतात. ज्याचं बिऱ्हाड गाढवावर, त्यानं तो कुठून आणावा? दाखला नाही, तर राखीव जागेवर उभंही राहता येत नाही.

हे दुखणं आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. शेकडो वर्षांपूर्वी ते हिंदुस्थानातूनच गेले. पाण्याला ते अजून 'पानी' म्हणतात. तिकडंही त्यांना गावाबाहेर ठेवतात. पण रुमानियाच्या संसदेत त्यांच्यासाठी एक जागा आहे. स्लोव्हेनिया या लहानशा देशात 20 ठिकाणी स्थानिक कारभारात रोमांचा एक सभासद घ्यावाच लागतो.

आपल्याकडं निदान यादीत नाव घालणं अवघड नाही. वय 18 पुरं झालेलं हवं. नमुना 6 चा अर्ज भरायचा, पैसे पडत नाहीत. घर नसलं तरी चालतं. निवडणुकीचा माणूस रात्री येऊन पाहतो, की हा इथंच झोपतो ना? तेवढं पुरतं.

ऊसतोडीचं मात्र अवघड आहे. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं, म्हणजे ऐन तोडणीच्या तोंडावर. नाव यादीत आणि माणूस फडात, असं झालं की मत वाया जातं. कामाला बाहेर गेला एवढ्यावरून नाव मात्र कापता येत नाही.

एका घिसाड्यानं आम्हाला विचारलं, "गुरुजी, आम्ही फिरस्ते. नाव घालावं कुठं?"

"एकाच गावी. तुम्ही जास्त दिवस कुठं असता?"

"पावसाळाभर इथंच की."

आम्ही अर्ज काढून त्याच्यापुढं ठेवला. त्याची बायको म्हणाली, "माझाबी लिवा."