परीक्षा संकेतस्थळाची

प्रवेश, शिष्यवृत्ती, निकाल अशी विद्यार्थ्याची बहुतेक कामे आज संकेतस्थळावर होतात. ते वापरता आले नाही, की "मला यातले कळत नाही" म्हणून आपण दोष स्वतःकडे घेतो. मला हे मान्य नाही. संकेतस्थळ वापरण्यास सोपे आहे की नाही, हे पारखण्याच्या रीतसर पद्धती आहेत. त्यांपैकी तीन येथे सांगतो.

पहिली पद्धत जाणकारांची. याकोब नील्सन व रोल्फ मोलिक या डॅनिश अभ्यासकांनी ती १९९० साली मांडली. तीन ते पाच जाणकार स्वतंत्रपणे तपासणी करून ठरावीक तत्त्वांनुसार दोष टिपतात. चूक झाल्यास ती समजेल अशा भाषेत सांगितली जाते काय? केलेली कृती मागे घेता येते काय? या पद्धतीस खर्च कमी; परंतु जाणकाराला जे अडत नाही, ते नवख्याला अडते, ही तिची मर्यादा.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत १० विधाने असून त्यांच्या उत्तरांवरून ० ते १०० असा गुणांक काढतात. मात्र तापमापीने ताप कळतो, रोग कळत नाही. तसेच या गुणांकाचे आहे.

म्हणून तिसरी पद्धत मला सर्वांत महत्त्वाची वाटते : प्रत्यक्ष वापर पाहणे. "उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज पूर्ण करा" असे एखादे काम द्यावे, मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगावे आणि आपण गप्प बसावे. काम पुरे झाले काय, वेळ किती लागला, कोठे अडले, एवढे टिपावे. "फाइल मोठी आहे" एवढेच सांगून दाखला नाकारणारे एक पान मी पाहिले आहे. किती लहान हवी, याचा त्यावर उल्लेख नव्हता. असे दोष या पद्धतीत चटकन उघडे पडतात. नील्सन यांच्या २००० सालच्या सल्ल्यानुसार एका वेळी ५ माणसे पुरतात. दोष सुधारून पुन्हा नव्या पाचांना बसवावे.

मात्र ही माणसे केवळ संगणकात पटाईत नसावीत. मोबाईलवरच अर्ज भरणारा, इंग्रजी अडखळत वाचणारा विद्यार्थी त्यांत हवाच. कारण मुदतीत अर्ज अपुरा राहिला, तर वर्ष त्याचे वाया जाते. आरंभ आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळापासून करता येईल. पाच विद्यार्थी, एक वही आणि एक दुपार एवढे त्यास पुरे.