जुन्या जीपचे इंजिन : पुनर्बांधणी व रंगकाम

महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास कार्यक्रमास प्रारंभ झाल्यावर ही गाडी विकास गटांच्या कामी खेडोपाडी हिंडू लागली. पुढे लिलावात निघालेल्या अशा कित्येक गाड्या शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी येऊन स्थिरावल्या. काही अद्याप चालत्या आहेत. काहींचे इंजिन मात्र तेल खाते, निळा धूर सोडते व चढाला दम टाकते. असे इंजिन उघडावयाचे झाल्यास पैसा कोठे खर्च करावा व कोठे करू नये, हे आधी जाणून घेणे हिताचे आहे.

येथे सीजे-३बी जीपच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनाचा विचार केला आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, स्ट्रोक ४.३७५ इंच व क्षमता सुमारे २,२०० घन सेंटिमीटर असते.

इंजिन खोलण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. दाब कमी भरल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन-तेल सोडून पुन्हा मोजावे. आता दाब वाढला तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा असतो. केवळ व्हॉल्व्ह घासून भागणार असेल तर पूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च कशासाठी करावा?

या इंजिनात मिश्रण आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये, तर जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. कार्बुरेटर उतरविल्यावर त्याच्या तोंडाखाली, आतल्या बाजूस, एक हेड-बोल्ट दिसतो. तो विसरून हेड पहारीने उचकटणारे कारागीर आहेत, आणि त्यापायी तडकलेली हेडेही पुष्कळ आहेत.

भाग सुटे झाल्यावर नवे सामान आणण्याची घाई करू नये. प्रथम मोजमाप करवून घ्यावे. सिलिंडर वरच्या बाजूस अधिक झिजतो. वरचे व खालचे माप यांत पाच-हजारांश इंचाहून अधिक फरक असेल, अथवा सिलिंडर तितका लंबवर्तुळ झाला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा घालण्यात अर्थ नाही. बोअर करून वाढीव मापाचे पिस्टन घालावे लागतात. क्रँकशाफ्टचेही तसेच. मात्र पिस्टन हाती आल्यावर त्यांच्या मापाने बोअर करावे; आधी बोअर करून मग पिस्टन शोधीत फिरू नये. जुन्या गाडीचे हवे ते माप बाजारात मिळेलच असे नाही.

लेथवाल्याकडून परत आलेला ब्लॉक वरून स्वच्छ दिसला तरी तो स्वच्छ नसतो. घासकामाची बारीक कच सिलिंडरच्या रेघांत बसलेली असते व ती रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण व ताठ ब्रश यांनी सिलिंडर धुवावा. पांढरे फडके आतून फिरविल्यावर पांढरेच निघेपर्यंत धुवावा, आणि लगेच पुसून तेलाचा हात द्यावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. क्रँकशाफ्टमधील तेलाची छिद्रे तार व हवेच्या झोताने मोकळी करावीत. हे काम कंटाळवाणे आहे व त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही, म्हणूनच ते वगळले जाते. नवी बेअरिंगे थोड्याच दिवसांत खराब होतात ती बहुधा यामुळेच. ब्लॉकवरील पत्र्याच्या गोल टोप्या काढून पाण्याच्या वाटेतील क्षारही खरवडावा. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या गाडीत तो पसाभर निघतो. कॉस्टिक सोड्यात लोखंडी भाग बुडवावेत, पण ॲल्युमिनियमचे पिस्टन कदापि नाहीत; ते विरघळू लागतात.

जोडणीच्या वेळी प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरात सरळ बसवून टोकांमधील फट मोजावी. ती सुमारे १२ हजारांश इंच असावी. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ६० ते ७० फूट-पौंडांपर्यंत आवळावेत. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासूनही होते खरे, परंतु जुन्या रबराला ते मानवत नाही. तेव्हा इंधनाच्या नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्यावा.

रंग शेवटी. गंज व जुना रंग तारेच्या ब्रशाने काढून, तेलकटपणा पूर्ण घालवून, इंजिनासाठी मिळणाऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. जेथे पॅकिंग बसते त्या घासलेल्या कडा व सर्व भोके कागदाने झाकावीत. धुराड्याच्या मॅनिफोल्डवर हा रंग जळून जातो. त्यासाठी अधिक उष्णतेचा वेगळा रंग लागतो. फिकट रंग निवडावा असे आमचे मत आहे, कारण त्यावर तेलाची गळती चटकन दिसते. काळा रंग गळती लपवितो, आणि विकणाऱ्याला बहुधा तेच हवे असते.

ब्लॉकवर कोरलेला इंजिन क्रमांक घासू नये व रंगाने बुजवू नये. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी व त्यानंतर दर ५ वर्षांनी नवी करताना तो नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतात. न जुळल्यास दुरुस्त झालेली गाडीही दारातच उभी राहते.

प्रथम चालू करण्यापूर्वी प्लग काढून, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत इंजिन फिरवावे. हवा गाळणीच्या भांड्यातील तेल बदलावे. ते कोरडे राहिल्यास शेतातील धूळ नव्या रिंगा एका हंगामात खाऊन टाकते. पहिले तेल ८०० किलोमीटरच्या आत बदलावे. तोपर्यंत दररोज सकाळी गाडीखाली एक जुना पांढरा कागद पसरून ठेवावा व इंजिनाच्या मागील टोकाखाली, गिअरपेटीच्या जोडापाशी, थेंब पडतात का ते पाहावे. या इंजिनात गळती प्रथम तेथेच सुरू होते.