बुलेटला मागे किती जाड टायर?

संध्याकाळी सोलापूरच्या नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. तरी एखादी जुनी बुलेट स्टँडवर दिसली की माणसं थबकतात, आणि त्यातला एक तरी मागच्या चाकाशी वाकून विचारतोच, "मालक, टायर कितीचा टाकलाय?" मूळ टायर बारीक दिसतो, नव्या गाड्यांचे टायर जाडजूड, तेव्हा जुन्या गाडीलाही जाड टायर हवासा वाटणं साहजिक आहे. पण दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन गाडीजवळ बसलेलं बरं.

इथे बोलतोय ती ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ३५०, उजव्या पायाला गिअर असलेली. तिला पुढे-मागे एकच माप: ३.२५-१९. म्हणजे टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. या जुन्या इंची मापात टायरची उंची साधारण रुंदीइतकीच धरतात. म्हणून चाकाचा बाहेरचा व्यास काढायचा तर रिमच्या व्यासात रुंदीची दुप्पट मिळवायची: ४८२.६ अधिक १६५.१, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण तुलनेला हा हिशेब पुरतो.

आता त्याच रिमवर ३.५०-१९ घातला तर व्यास ६६० होतो, म्हणजे दोन टक्के वाढ. ४.००-१९ घातला तर ६८६, जवळजवळ सहा टक्के. हे सहा टक्के किती? गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट १६ दातांऐवजी १७ दातांचं बसवलं तर जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढा. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते, पण ओढ कमी होते. तुळजापूरच्या रस्त्याला एकटं जाताना ते कदाचित बरं वाटेल. नवी पेठेतल्या गर्दीत पहिल्या गिअरवर रांगताना क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, आणि क्लचप्लेटा त्याची किंमत मोजतात. दोन टक्क्यांचा फरक मात्र बहुतेकांना कळतही नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. मागचा टायर बदलला की स्पीडोमीटर चुकतो, असं सर्रास सांगतात. या बुलेटची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागे काहीही घाला, काटा तोच वेग दाखवतो.

व्यासाइतकीच रिमची रुंदी महत्त्वाची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मूळ रिम आतून १.८५ इंच रुंद, कारागिरांच्या भाषेत डब्ल्यूएम-२. तिच्यावर ३.५० चा टायर नीट बसतो. त्याहून जाड टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि माथा निमुळता गोल होतो. मग बाहेरून टायर जाड दिसतो, पण सरळ चालताना रस्त्याला टेकणारी पट्टी अपेक्षेइतकी वाढत नाही, आणि वळणावर बाजू लचकून गाडी डुलते. १.८५ च्या रिमवर ४.०० चा टायर हे माझ्या मते निव्वळ दिखाऊ काम आहे.

खरंच जाड टायर हवा असेल तर रिमच बदलावी. १८ इंची, अडीच इंच रुंदीची रिम घेऊन तिच्यावर ११०/९०-१८ घातला तर व्यास येतो ६५५. १२०/८०-१८ चा ६४९. म्हणजे चाक मूळच्या उंचीचंच राहतं, फक्त रुंद होतं. कंपनीनेही पुढे हाच मार्ग धरला: २०२१ च्या क्लासिक ३५० ला पुढे १९ इंची आणि मागे १२०/८०-१८ आहे. मात्र जुन्या हबला ४० स्पोक, तेव्हा रिमही ४० भोकांची लागते. स्पोक सुमारे अर्ध्या इंचाने आखूड घ्यावे लागतात आणि चाक विणून त्याचा आऊट काढणारा हात पक्का लागतो.

पण टायर रिमवर बसला म्हणजे गाडीत बसला असं नाही. डावीकडे चेन आणि तिचं कव्हर, दोन्ही बाजूंना स्विंगआर्म, वर मडगार्ड. अडचण बहुधा चेनच्या बाजूला येते. मूळ टायर असतानाच त्याच्या कडेपासून चेनकव्हरपर्यंतचं अंतर मोजा. ३.२५ वरून ३.५० वर जाताना प्रत्येक बाजूला तीन-सव्वातीन मिलिमीटर खर्ची पडतात. १२० च्या टायरला जवळजवळ १९. फिरताना नायलॉनचा टायर थोडा फुगतो आणि स्विंगआर्मचे बुश झिजलेले असले तर चाक बाजूलाही हलतं. म्हणून पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा उरलीच पाहिजे.

वरची जागा डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी कणकेच्या दोन-तीन जाडसर गोळ्या मडगार्डच्या आतून चिकटवा, मागे भारदस्त माणूस बसवा आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून हळू फेरी मारा. शॉकअप दाबले गेल्यावर टायर जिथवर आला, तिथवर कणीक चेपलेली दिसते. उरलेली जाडी म्हणजे तुमची खरी जागा. मडगार्डच्या बोल्टांची आत आलेली टोकं आणि टेललाईटची वायर हीच आधी घासतात, म्हणून गोळ्या तिथेच लावाव्यात. बोल्टाचं डोकं आत आणि नट बाहेर असा उलटा बसवला तरी चार-पाच मिलिमीटर सुटतात.

टायर चढवताना स्पोकची रिमच्या आत आलेली टोकं कानशीने घासून वर रिमपट्टी घाला, नाहीतर ट्यूबला आतूनच भोक पडतं. ट्यूब टायरच्या मापाचीच घ्यावी. साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची आणि शेवटची कड व्हॉल्व्हपाशी आत ढकलायची. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबलेली असली तर टायर चढवायच्या पट्टीला जोर लावावा लागत नाही. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे बघा. रुंद टायर मडगार्डखालून सरकत नसेल तर हवा काढून चाक आत घालतात आणि मग भरतात.

चेन ताणायला एक्सलच्या दोन्ही टोकांना खाचांच्या चकत्या असतात. दोन्हीकडच्या खाचा मोजून सारख्या ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्या. मागे ३.५० आणि पुढे ३.२५ असेल तर सुतळी पुढच्या टायरला टेकणार नाही. दोन्ही बाजूंना तीनेक मिलिमीटरची फट सारखी दिसली पाहिजे.

कागदोपत्री बाजूही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारांना मनाई करतं, तेव्हा रिमचं माप बदलण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

नवा टायर गुळगुळीत असतो, सुरुवातीला ओल्या रस्त्यावर झोकून वळू नये. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. सोलापुरी उन्हात दुपारी भरलेली हवा रात्री कमी भरते. शंभरेक किलोमीटर झाले की चाक उचलून हाताने फिरवा, स्पोक एकेक वाजवून ढिला कुठला ते बघा, चेन पुन्हा ताणा आणि चेनकव्हरच्या आतल्या बाजूला रबराचा काळा ओरखडा उमटलाय का, ते टॉर्च लावून पाहा.