चिपाडातली साखर: लिग्निन किती कमी करायचं आणि कुठे?

पेठ वडगावच्या आसपास हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर गेलात, तर चरकातून दोन गोष्टी बाहेर पडताना दिसतील: रस आणि चिपाड. रसाचा गूळ होतो, चिपाड वाळवून चुलवाणात जातं. पण साखर फक्त रसातच असते असं समजू नका. चिपाडातही ती भरपूर असते, फक्त पेशीभित्तिकेत कुलूपबंद. माझं पीएचडीचं वाचन सध्या या कुलपाभोवतीच फिरतंय.

कोरड्या चिपाडात साधारण 40 टक्के सेल्युलोज, 25 टक्के हेमिसेल्युलोज आणि 20 टक्के लिग्निन असतं. पहिली दोन म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या. विकरांनी त्या तोडल्या की साखर सुटते, ती आंबवली की इथेनॉल मिळतं. पण स्लॅबमधल्या सळयांना काँक्रीट धरून ठेवतं, तसं लिग्निन या साखळ्यांना वेढून असतं. विकर आत पोचतच नाही. म्हणून आधी उष्णता आणि आम्ल वापरून ते सैल करावं लागतं, आणि खर्च तिथे वाढतो.

मग लिग्निनच कमी केलं तर? फ्लोरिडा विद्यापीठाच्या गटाने उसात सीओएमटी हे लिग्निन बनवणाऱ्या साखळीतलं जनुक आरएनए इंटरफेरन्सने दाबलं. 2013 मध्ये त्यांच्या शेतातल्या चाचणीचे निकाल आले. लिग्निन सुमारे 6 टक्क्यांनी घटलं, तेव्हा सुटणारी साखर जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढली आणि उसाच्या वाढीवर फरक पडला नाही. लिग्निन त्याहून जास्त घटवलं, तेव्हा साखर आणखी सुटली, पण ऊसच कमी भरला.

असं का? लिग्निन हे काही फुकटचं ओझं नाही. पाणी वर चढताना जलवाहिन्यांवर आतल्या बाजूला ताण येतो. लिग्निन नसेल तर त्या चेपतात. इथे खरा प्रश्न बदलतो: 'किती' ऐवजी 'कुठे'. 2013 मध्येच कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात लिग्निन मुख्यतः जलवाहिन्यांपुरतं ठेवलं आणि तंतूंमध्ये कमी केलं. रोप नीट वाढलं, साखरही जास्त सुटली.

आता हे आपल्या शिवारात आणून बघा. इथल्या शेतकऱ्याला पैसे मिळतात ते टनावर. ऊस लोळला, वजन घटलं, तर प्रयोगशाळेतली वाढीव साखर त्याच्या काय कामाची? शिवाय आपल्याकडे जनुक-सुधारित उसाच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही. म्हणून दुसरी वाटही पाहा: मका आणि ज्वारीत 'ब्राऊन मिडरिब' हे कमी लिग्निनचे नैसर्गिक उत्परिवर्ती वाण सापडलेत. उसाच्या जातींमध्ये असा नैसर्गिक फरक शोधणं हाही संशोधनाचा विषय होऊ शकतो.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसलात की एवढं करा: 'साखर किती सुटली' या रकान्याशेजारी 'ऊस उभा राहिला का, भरला किती' हा रकानाही आखा. पेपर वाचतानाही आधी तोच शोधा.