घरातलं जाळं, बाहेरचं इंटरनेट

बचत गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचा, तर त्याची जोडणी आपल्यालाही कळायला हवी. आम्ही ती माडांच्या शिंपण्यासारखी समजतो. केबलवाल्याची जाड गोल वायर मॉडेमला लागते. तिथे बाहेरचं पाणी घरात आलं. मॉडेममधून दुसरी वायर राऊटरच्या ‘वॅन’ खाचेत जाते. राऊटर पुढे पाट काढतो: ‘लॅन’च्या खाचांतून कॉम्प्युटर-प्रिंटरला, वायफायने मोबाइलला.

आधी मॉडेम चालू करा. दिवे स्थिरावले की राऊटर, शेवटी कॉम्प्युटर. राऊटरचा मूळ पासवर्ड लगेच बदला.

इंटरनेट गेलं तरी घरातलं जाळं चालतंच. राऊटरला जोडलेल्या प्रिंटरवर कागद निघतो, पण इंटरनेट नाही? मग दोष बहुधा मॉडेमकडे किंवा बाहेरच्या केबलमध्ये. केबलवाल्याला बोलवा, कॉम्प्युटर दुरुस्तीला नेऊन पैसे घालवू नका.

आभाळ भरून आलं, की विजा सुरू व्हायच्या आधीच प्लग आणि केबल दोन्ही काढा. तांब्याच्या केबलमधूनही विजेचा झटका आत येतो. आपल्या आचऱ्याच्या गावपळणीला तीन दिवस घर बंद असतं, तेव्हाही हे विसरू नका.